नव्याण्णव रुपयांचा वेबिनार आणि माझे 2,28,498 रुपये

फसवणुकीत गेलेली रक्कम आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी लाजेपोटी कमी करून सांगेन. 2,28,498. त्यातले पहिले 99 रुपये ऑगस्ट 2024 मध्ये रात्री जेवण झाल्यावर आडवा पडून मोबाईलवरून भरले, बाकीचे पुढच्या चार महिन्यांत. भरणारा माणूस बी.कॉम. आहे, सांगलीत एका कारखान्यात सतरा वर्षं हिशेब लिहितोय. दुसऱ्याच्या व्हाउचरमधली खाडाखोड त्याला लांबून दिसते. हे वाक्य माझं नाही, बायकोचं आहे. रोज एकदा तरी ऐकतो.

असे सेमिनार कसे चालतात ते तुम्हाला माहीत आहेच. स्वस्तातला वेबिनार, मग हॉटेलातला एक दिवस, मग ‘आजच्या आज भरणाऱ्यांना सवलत’. मलाही माहीत होतं. शेअर मार्केटवाल्यांच्या नादी लागलेल्या दोघांना मी स्वतः शहाणपण शिकवलंय. पण इथे विषय भारत-दुबई व्यापाराचा होता आणि माल होता हळद. माझे आजोबा हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. वेबिनार घेणाऱ्या माणसाने हरिपूरच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांची, गोष्ट काढली, 2005 च्या पुरात पेवांची काय दशा झाली तेही सांगितलं. मला वाटलं, हा आपल्यातलाच. कोणालाही वाटलं असतं.

पुण्यातल्या हॉटेलात एक दिवस, 4,999 रुपये, जेवणासकट. दीडेकशे माणसं, बरेचसे माझ्यासारखेच, चाळिशीतले, नोकरीला कंटाळलेले. आणि तो बोलत होता त्यातलं बरंचसं खरं होतं, हेच जास्त झोंबतं. भारत आणि संयुक्त अरब अमिरातीचा करार 1 मे 2022 पासून लागू आहे, खरं. न्हावा शेवाहून दुबईचं जेबेल अली बंदर काही लांब नाही, तेही खरं. पडद्यावर हातभर अक्षरांत ‘ड्युटी झिरो’ आलं आणि टाळ्या पडल्या. तिकडची ड्युटी मुळातच बहुतेक मालावर 5 टक्के आहे. शून्य झाली तरी वाचणार पाचच टक्के, तेही मूळ देशाचा दाखला जोडला तर, आणि वाचणार ते तिथल्या आयातदाराचे. पाच टक्क्यांसाठी कोण दुबईवाला माझ्या दारात येऊन उभा राहणार होता? हा हिशेब मी घरी आल्यावर केला. घरी म्हणजे पैसे गेल्यावर.

आता ती जागा सांगतो, जिथे मी उठून बाहेर पडायला हवं होतं. चहानंतर शेवटच्या रांगेतले एक काका उभे राहिले. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. आयईसी म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी नंबर, तोच त्यांनी विचारला. म्हणाले, “साहेब, तुमच्या स्वतःच्या फर्मचा आयईसी नंबर सांगता का? नाही म्हणजे, लिहून ठेवतो.” सेमिनार घेणारे सर हसले. “काका, जीएसटी आल्यापासून आयईसी म्हणजे पॅन नंबरच. तुम्ही तुमचा पॅन सांगता का असा भर सभेत?” सगळा हॉल हसला. मी हसलो. शेजारच्याला कोपराने ढोसून हसलो. काका खाली बसले.

आयईसी आणि पॅन एकच, हे खरं आहे. पण अहो, पॅन कसला लपवायचा? जीएसटी नंबरच्या पोटात दहा अक्षरी पॅन असतोच, प्रत्येक बिलावर छापलेला. मी दिवसाला शंभर बिलं बघतो! आयईसी नंबर आणि फर्मचं नाव टाकलं की डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याच्या, साइटवर खरं-खोटं दिसतं, फुकट. काकांना तेवढंच हवं होतं. त्यांना जे कळत होतं ते मला कळत नव्हतं असं नाही. मला कळून घ्यायचं नव्हतं.

त्याच संध्याकाळी परदेशी ग्राहक जोडून देण्याचं ‘बायर कनेक्ट’ पॅकेज घेतलं. 1,25,000 अधिक 18 टक्के जीएसटी 22,500, एकूण 1,47,500. पतसंस्थेतली ठेव मोडली. पावती मिळाली, तिच्यावर जीएसटी नंबरही होता. तो 14 अक्षरांचा होता. 15 असतात. मी मोजले जानेवारीत.

मग कागदपत्रांचे 18,500. आयईसीची सरकारी फी 500 रुपये आहे, घरी बसून निघतो, एजंटसुद्धा लागत नाही. त्यांनी मला हळदीसाठी अपेडाची, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी करायला लावली. हळद मसाल्यात येते, नोंदणी स्पायसेस बोर्डाकडे करायची असते. निर्यात शिकवणाऱ्याला एवढंही माहीत नव्हतं, आणि मी त्याला ‘सर’ म्हणत होतो. मग ‘दुबईत लेबल मंजुरी’ म्हणून 46,000. मग सॅम्पलचं कुरिअर, 11,400. हळद माझीच, चांगली राजापुरी, घरच्यांना देतो त्यातली.

डिसेंबरात परचेस ऑर्डर आली. 14 टन पावडर, भाव सांगली बाजाराच्या दीडपट. एवढा भाव कोणी का देईल, हा प्रश्न डोक्यात आला होता. मीच त्याला उत्तर देऊन गप्प केलं: ‘तिकडे क्वालिटीला किंमत आहे.’ लेटरहेडवर दुबईच्या देरा भागातला पत्ता आणि शेवटी सहा आकडी पिन कोड. शारजात राहणाऱ्या भाच्याला फोटो पाठवला तर तो फोनवर हसायलाच लागला. “मामा, इकडे पिन कोडच नसतो, पीओ बॉक्स असतो.” तरी तो बिचारा सुट्टीच्या दिवशी जाऊन आला. त्या इमारतीत तसं ऑफिस नव्हतं. तोवर सरांकडून कंटेनर बुकिंगचे 2,10,000 मागणारा मेसेज आला होता. ते मात्र वाचले. भाच्यामुळे. माझ्यामुळे नाही.

परदेशातला ग्राहक खरा आहे का, हे ईसीजीसीला, म्हणजे निर्यातीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीला, विचारता येतं, ते फी घेऊन त्याची पत तपासून देतात. नवीन निर्यातदारांसाठी डीजीएफटीची ‘निर्यात बंधू’ योजना आहे. तिची जाहिरात माझ्या मोबाईलवर कधी आली नाही, सरांची दिवसातून चारदा यायची.

आता तक्रारीचं ऐका. पहिल्या पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी मीटिंगला. तिसऱ्या दिवशी भेटले आणि पावती उलटीसुलटी करून म्हणाले, “तुम्ही क्लास लावला, क्लास झाला. यात फसवणूक कुठाय? दिवाणी मॅटर आहे.” मी म्हटलं, ऑर्डर बनावट आहे. म्हणाले, “मग दुबईत तक्रार करा.” हे चेष्टेत नव्हे, गंभीरपणे. मग म्हणाले, सेमिनार पुण्यात झाला ना, तिकडे जा. तिकडे गेलो, रजा टाकून, एसटीने. तिकडचे म्हणाले, पैसे सांगलीच्या खात्यातून गेले ना, तिकडे जा. नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, हद्द कुठलीही असली तरी खबर नोंदवून घ्यायची सोय आहे. हे मी प्रिंट काढून नेलं. हवालदाराने प्रिंट वाचली, घडी घातली, परत दिली आणि विचारलं, “वकील आहात का?” फसवणुकीचं कलम आता 420 नाही, 318 आहे, एवढी दुरुस्ती मात्र तत्परतेने केली. बँकेने ऐकून घेतलं आणि छापील उत्तर दिलं: व्यवहार खातेदाराने स्वतः ओटीपी टाकून केला आहे. हो, केलाय. कबूल आहे. म्हणून दुसऱ्याने खोटी ऑर्डर द्यायची का?

1930 वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन मी पैसे गेल्यावर 41 दिवसांनी केला. त्या नंबरचा उपयोग पहिल्या काही तासांत असतो, पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत. हे लक्षात ठेवा, आणि लाजेपोटी माझ्यासारखे थांबू नका. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. तिथे अर्ज दिलाय. तारीख मिळाली, मग पुढची तारीख मिळाली.

एक गोष्ट सांगायची टाळत होतो. सेमिनारच्या दिवशी जेवणानंतर त्यांनी काही जणांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं. मी हौसेने उभा राहिलो, निळ्या शर्टात, आणि बोललो की आज माझे डोळे उघडले. तो व्हिडिओ अजून जाहिरातीत फिरतोय. खाली ओळ आहे, ‘सांगलीच्या हळदीचा पहिला कंटेनर दुबईला रवाना’. काढा म्हणून मेल केला तर मी सही केलेल्या संमतीपत्राचा फोटो आला.

मागच्या आठवड्यात बार्शीहून एका मुलाचा फोन आला. माझा नंबर कुठून मिळवला कोण जाणे. म्हणाला, “सर, तुमचा व्हिडिओ बघून ठरवलं. पुढच्या रविवारी सेमिनारला जातोय, फक्त एकदा तुमच्याशी बोलायचं होतं.” त्याला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 4,999 काल भरले.