घरी बांधलेला रीफ टँकचा एलईडी दिवा : नागपूरच्या उन्हाळ्यासह नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळे ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी, एलईडी दिवा घरीच बांधला आणि तेव्हापासून तो रोज चालू आहे. हिवाळा, पूर्ण उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात असे तिन्ही ऋतू त्याने पाहिले आहेत. आमचे घर त्रिमूर्तीनगर परिसरात, इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. मे महिन्यात स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत निवत नाही. या एका गोष्टीने माझे अंदाजपत्रक बदलून टाकले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

टँक २ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे साधारण १२० लिटरचा आहे. त्यात झोअँथिड, मशरूम आणि लेदर अशी मऊ प्रवाळेच आहेत. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे ती घ्यायची नाहीत हे सुरुवातीलाच ठरले होते. मऊ प्रवाळेही मी बिल घेऊनच खरेदी केली. या निर्णयाचा दिव्याच्या खर्चाशी थेट संबंध आहे. दगडी प्रवाळांतील फांद्यांच्या जातींना साधारण २०० ते ३५० पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाशाचे माप) इतका प्रकाश लागतो, तर मऊ प्रवाळांचे ५० ते १५० मध्ये उत्तम भागते. सुरुवातीला मी ४८ एलईडींचा आराखडा काढला होता. कोणती प्रवाळे ठेवायची हे नक्की झाल्यावर तो २४ वर आला आणि एलईडींना स्थिर प्रवाह देणारे ड्रायव्हरही चारऐवजी दोन पुरले. दिवा बांधू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारतो की, टँकमध्ये काय राहणार आहे. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय एकही एलईडी विकत घेऊ नये.

रंगांची निवड करताना फार डोके लढवावे लागले नाही. प्रवाळांच्या ऊतींत राहणारी झूझँथेली ही शैवाले मुख्यतः निळा प्रकाश शोषून अन्न तयार करतात आणि लाल प्रकाश पाण्यात लवकर विरतो. म्हणून पहिल्या माळेत ४५० नॅनोमीटरचे १२ रॉयल ब्लू एलईडी घेतले. दुसऱ्या माळेत ६ न्यूट्रल व्हाइट, ४ साधे निळे आणि २ जांभळे असे १२ एलईडी आहेत. पांढरे एलईडी प्रवाळांपेक्षा आपल्या डोळ्यांसाठी जास्त आहेत, कारण त्यांच्याशिवाय मासे ओळखू येत नाहीत. सर्व एलईडी ३ वॅटचे म्हणून मिळतात आणि ७०० मिलिअँपिअर सहन करतात, पण मी ५०० मिलिअँपिअरचेच ड्रायव्हर लावले. एका एलईडीवर साधारण ३.२ व्होल्ट धरले तर १२ एलईडींच्या माळेला ३८-३९ व्होल्ट लागतात. त्यामुळे ४८ व्होल्टचा एसएमपीएस (घरच्या विजेचे डीसी करणारा पुरवठा) बरोबर बसतो आणि ड्रायव्हरला पुरेशी मोकळीकही राहते. संपूर्ण दिवा पूर्ण तेजावर ४० वॅटच्या आसपास वीज घेतो. रोजच्या वापरात महिन्याला दहा-बारा युनिटच्या वर गेल्याचे मला आढळले नाही.

आता खर्चाविषयी. पहिला अंदाज ६,००० रुपयांचा होता : एलईडी २,१६०, दोन ड्रायव्हर १,३००, एसएमपीएस १,७०० आणि हीट सिंकसाठी (एलईडींची उष्णता घेऊन हवेत सोडणारा धातूचा भाग) उरलेले ८४०. प्रत्यक्षात ११,३६० रुपये लागले. एलईडी, ड्रायव्हर आणि एसएमपीएस यांच्या किमती अंदाजाप्रमाणेच निघाल्या. फरक पडला तो उष्णता बाहेर काढण्याच्या आणि खारे पाणी दूर ठेवण्याच्या वस्तूंमुळे. पहिला हीट सिंक म्हणून ८४० रुपयांत इतवारीतून अॅल्युमिनियमची जाड पट्टी आणली होती, ती वाया गेली. नंतर पातळ पात्यांचा खरा हीट सिंक १,६०० रुपयांना घेतला. दोन पंखे ७००, समोरचे अॅक्रिलिक ४५०, टांगण्याची चौकट ९००, दिव्याचे तेज आणि वेळ सांभाळणारा नॅनो बोर्ड आणि घड्याळाचे मॉड्यूल ६५०, वायर, सोल्डर, थर्मल पेस्ट (एलईडीची उष्णता हीट सिंकपर्यंत पोहोचवणारा लेप) आणि स्क्रू मिळून ७०० आणि जादा ठेवलेले चार एलईडी ३६० रुपये. यांतील एकही वस्तू चैनीची नव्हती. त्या पहिल्या यादीत नव्हत्या, एवढीच माझी चूक होती.

ती पट्टी वाया कशी गेली, हे सांगणे मला महत्त्वाचे वाटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिने उत्तम काम केले. थंडीत खोलीच २० अंशांवर असे, पट्टीला हात लावला तर ती कोमट लागे आणि मी समाधानी होतो. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी टँकचा अर्धा प्रकाश एकाएकी गेला. माळेतील एलईडी एकामागोमाग (सिरीजमध्ये) जोडलेले असल्याने एकातून प्रवाह तुटला की बाराही विझतात. मल्टिमीटरने एकेक तपासत गेलो तेव्हा मधल्या भागातील एक निळा एलईडी मेलेला सापडला. त्याच्या खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती आणि एक स्क्रू सैल होता. खोलीचे तापमान तेव्हा ३८ अंश होते आणि पट्टीचे ६८. हिवाळ्यातही पट्टी खोलीपेक्षा तीस अंशांनी गरम होत होती, पण वीस अधिक तीस आणि अडतीस अधिक तीस यांतला फरक मी आधी मांडून पाहिला नव्हता. नागपुरात दिव्याचा हिशेब करताना खोली ४० अंशांवर आहे असे धरूनच हीट सिंक निवडावा. नवा हीट सिंक आणि त्यावर संथ फिरणारे दोन पंखे लावल्यापासून नवतप्यातही, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांतही, तापमान ५० च्या आत राहिले.

एलईडी ज्यांवर असतात त्या धातूच्या चकत्या पुन्हा बसवताना आमच्या इमारतीतील निवृत्त वायरमन काका सोबत होते. त्यांनी प्रत्येक स्क्रूखाली फायबरचा वॉशर घालायला लावला आणि म्हणाले, "चालू करण्याआधी पत्रा आणि टाका दोन्हीला मीटर लाव. एकदाही वाजला तर हात लावू नको." मीटर वाजणे म्हणजे सोल्डरचा टाका आणि हीट सिंक यांचा नको असलेला संपर्क. चोवीसपैकी एका ठिकाणी मीटर खरोखरच वाजला. सोल्डरचा केसाएवढा तंतू स्क्रूच्या डोक्याला टेकला होता. त्यांचा मी मनापासून ऋणी आहे.

उन्हाळ्यातील सर्वांत परिणामकारक उपाय मात्र एक पैसाही न लागता झाला. दिवा सकाळी ११ ते रात्री ८ असा चालत असे. रोज अर्धा तास पुढे सरकवत बारा दिवसांत मी त्याची सुरुवात सायंकाळी ५ वर नेली. प्रवाळांना प्रकाशाचे तास नियमित लागतात, ते घड्याळाच्या कोणत्या काट्यावर आहेत याने त्यांना फरक पडत नाही. त्याआधी पाणी २९.४ अंशांवर गेले होते आणि मशरूम आक्रसून गेले होते. वेळ बदलली, पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा एक लहान पंखा लावला आणि पाणी २७ च्या खाली आले. कोरड्या हवेत बाष्पीभवनाचा हा गारवा चांगलाच मिळतो, पण रोज तीन लिटरपर्यंत आरओचे पाणी भरावे लागते, नाहीतर खारटपणा भराभर चढतो. पावसाळी दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही, सुदैवाने तेव्हा त्याची गरजही कमी असते.

प्रकाश मोजण्याबाबत एक इशारा देतो. मोबाइलमधील लक्स मोजणाऱ्या अॅपवर मी सुरुवातीला विसंबलो, ती चूक होती. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याला धरून केलेले असल्याने हिरव्या प्रकाशाला जास्त आणि निळ्याला फार कमी वजन देते. पाण्याखाली चालणारा चांगला पार मीटर माझ्या संपूर्ण दिव्यापेक्षा महाग आहे, म्हणून मी प्रवाळांनाच मीटर मानले. दिवा ३० टक्क्यांवर सुरू करून दर आठवड्याला ५ टक्के वाढवला. झोअँथिडचे देठ लांब होऊन प्रकाशाकडे ताणले जात असतील तर प्रकाश कमी आहे आणि मशरूमची कड आत वळून रंग फिका पडू लागला तर जास्त आहे. निळी माळ ६५ टक्के आणि पांढरी ३५ टक्के यांवर दोन्ही जाती शांत झाल्या. पाण्यापासून दिव्याची उंची २८ सेंटिमीटर आहे. लेन्स लावून पाहिल्या होत्या, पण वाळूवर रंगांच्या वेगवेगळ्या सावल्या नाचू लागल्या, म्हणून त्या काढून टाकल्या.

मार्चमधील एका रात्री तीनच्या सुमारास गेलेली वीज परत आली आणि टँक काही क्षण पूर्ण तेजाने उजळला. मासे घाबरून खडकांत शिरले. नॅनो बोर्ड सुरू होईपर्यंत ड्रायव्हरला तेज सांगणारी त्याची पिन मोकळी राहते आणि मोकळ्या पिनेचा अर्थ माझा ड्रायव्हर "पूर्ण चालू" असा घेतो. पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक रेझिस्टर टाकल्यावर हे थांबले. घड्याळाच्या मॉड्यूलमध्ये स्वतःचा सेल असल्याने वेळ मात्र एकदाही चुकली नाही. इन्व्हर्टरवर मी दिवा ठेवलेला नाही, फक्त पाणी हलवणारा पंप ठेवला आहे. काही तास अंधार प्रवाळांना सहज सोसतो, पण थांबलेले पाणी माशांना सोसत नाही. टँकच्या सर्व जोडण्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहेत आणि ही बाब पैसे वाचवण्याची नव्हे.

नऊ महिन्यांनंतरच्या तक्रारी दोन आहेत. दोन्ही जांभळे एलईडी स्पष्टपणे मंद झाले आहेत. पंख्यांच्या जाळीवर दर पंधरा दिवसांनी मिठाचा पांढरा थर जमतो, तो ओल्या फडक्याने पुसावा लागतो. अॅक्रिलिक नसते तर तो थर एलईडींच्या टाक्यांवर बसला असता.

विदर्भ एक्सप्रेसने थर्माकोलच्या पेटीतून आलेल्या हिरव्या झोअँथिडच्या सात तोंडांची, म्हणजे फुलासारख्या उमलणाऱ्या पॉलिपांची, आता एकतीस झाली आहेत. सायंकाळी पाच वाजता निळी माळ हळूहळू चढू लागते तेव्हा आधी कडेची आणि मग मधली तोंडे उमलत जातात. बाबा चहाचा कप घेऊन त्याच वेळी समोर येऊन बसतात. येत्या रविवारी जांभळे एलईडी बदलायचे आहेत, त्यासाठी जादा ठेवलेल्या चारपैकी दोन जांभळे हाताशी आहेत.