घरून मतदान सेवा (८५ वर्षांच्या पुढच्यांसाठी), इंदूर: आमच्या आईंचा अनुभव

आमच्या सासूबाई ८६ वर्षांच्या असताना २०२४ च्या लोकसभेला त्यांचं मत आम्ही घरून करवलं. रामबागेतल्या दोन-तीन जणींनी कसं केलं, काय लागतं असं विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे सांगते.

आधी २०२३ च्या नोव्हेंबरचं सांगते. विधानसभेचं वोटिंग होतं आणि तेव्हा तर ८० च्या वरच्यांनाही ही सोय होती, पण आम्हाला पत्ताच नाही, घरी कोणी काही सांगितलंच नाही. आईंना रिक्षातून नेलं, बूथवर व्हीलचेअर आहे म्हणाले पण ती काही सापडेना, शेवटी मी एका हाताला आणि माझी मुलगी दुसऱ्या हाताला असं धरून पायऱ्या चढवल्या. घरी येऊन दोन दिवस पाय सुजलेले होते त्यांचे. त्या काही बोलल्या नाहीत पण मला फार लागलं ते.

म्हणून लोकसभेला मी आधीच मतदारांच्या हेल्पलाइनला, १९५० या नंबरवर, फोन केला. तिथून कळलं की आता वय ८५ केलंय आणि अख्ख्या देशात लोकसभेला ही सोय पहिल्यांदाच होतेय, घरून मत द्यायचा अर्ज म्हणजे फॉर्म १२-डी भरायचा, पण निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून फक्त पाच दिवसांत. हे पाच दिवस नीट लक्षात ठेवा, आमच्या मागच्या गल्लीतले एक काका ८७ चे, त्यांचे हे दिवस असेच निघून गेले आणि त्यांचं मत राहिलंच. माझा अर्धा स्टार त्यांच्यासाठी कापलाय. फॉर्म घरपोच यायला हवा, आम्ही फोन केला तेव्हा कुठे बीएलओ (आपल्या बूथच्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या) ताई आल्या (आल्यावर मात्र फार नीट समजावून सांगितलं त्यांनी, आणि एकदा हा फॉर्म भरला की मग बूथवर जाऊन मत देता येत नाही हेही स्पष्ट सांगितलं).

मत घ्यायला टीम आली ती कोणत्या दिवशी येणार ते आधी कळवून आली. दोन अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओ काढणारा. मला वाटलेलं घाईघाईत उरकतील, पण नाही हो. बसायला जागा बघितली, देवघराच्या खोलीत आईंचं शिलाई मशीन आहे त्याच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आणि आम्हा सगळ्यांना बाहेर पाठवलं, कॅमेरेवाल्या मुलानेही कॅमेरा बाजूला वळवला. चष्मा पुसून, एकेका नावावर बोट फिरवत वाचत होत्या आई, दारातून नुसती पाठ दिसत होती त्यांची. मत झालं की पत्रिका छोट्या पाकिटात, ते मोठ्या पाकिटात, सोबत एक घोषणापत्र असतं त्यावर सही. अधिकाऱ्यांनी हात थरथरताना बघून विचारलं, "माताजी, अंगूठा लगा दें?" तर आई म्हणाल्या, "अंगठा नाही, मी सही करते." पाच मिनिटं लागली असतील त्या सहीला, पण ते लोक शांत बसून राहिले, घड्याळाकडे कोणी बघितलं नाही. चार स्टार तर मी या पाच मिनिटांचेच दिलेत.

कोणाला दिलं ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

चहा घेताना आईंनी त्यांच्या पहिल्या मताची गोष्ट सांगितली. १९६२, वय २४, तेव्हा मत २१ ला मिळायचं. त्यांच्या सासऱ्यांनी चिठ्ठीवर काय ते लिहून दिलं होतं म्हणे, आणि बऱ्याच शेजारणी तर गेल्याच नव्हत्या. त्या वर्षी देशात पुरुषांचं मतदान ६३ टक्के होतं आणि बायकांचं ४७ पण नाही. इंदूरहून होमी दाजी निवडून आले होते, दिल्लीत नेहरू लागोपाठ तिसऱ्यांदा. माझं पहिलं मत १९८९ चं, वय १८ केलं त्या वर्षीचं, सुमित्राताई महाजन इंदूरहून पहिल्यांदा निवडून आल्या तीच निवडणूक. मला कोणी चिठ्ठी दिली नाही. आणि आता मुलीचं पहिलं मत २०२४ ला.

लोक म्हणतात मोदी तिसऱ्यांदा आले ते बायकांच्या मतावर, कोणी म्हणतं लाडली बहना (मध्य प्रदेशात बायकांना दरमहा पैसे देणारी योजना), कोणी म्हणतं तरुण पोरं. मला एवढंच दिसतं की मतदार बदललाय. बायकांचं मतदान ६५.७८ टक्के, पुरुषांचं ६५.५५, म्हणजे आईंच्या वेळचं अंतर मिटून उलटं झालं. अठरा-एकोणीसचे पावणेदोन कोटींच्या वर, आणि ८५ च्या पुढचेही ८२ लाख, त्यांच्याबद्दल टीव्हीवर कोणी बोलत नाही. म्हाताऱ्यांची लिस्ट वाढतच जाणार आहे, तेव्हा ही सोय हवीच.

१३ मे ला मी आणि मुलगी सकाळी सातलाच बूथवर. इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने २९ एप्रिललाच अर्ज मागे घेतला होता, पुष्कळ लोक नाराज होते, नोटाला २ लाख १८ हजारांवर मतं पडली, तरी मुलगी म्हणाली आपण जायचंच. तिथून छप्पन दुकानला, म्हणजे इंदूरच्या खाऊगल्लीत. लवकर मत देणाऱ्यांना पोहे-जिलेबी फ्री होती, शाईचं बोट दाखवायचं. पोहे गरम, वर शेव, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) बेताचं, जिलेबी कुरकुरीत. गर्दी होती पण ढकलाढकली नाही, फार छान वाटलं. आईंसाठी पाव किलो जिलेबी मात्र आम्ही पैसे देऊन घेतली.

४ जूनला आई सकाळी आठच्या आधी अंघोळ करून टीव्हीसमोर. अधिकाऱ्यांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की पोस्टलची मतं (घरून दिलेली त्यातच येतात) आधी मोजायला घेतात. भाजप २४० वर थांबला, एनडीए २९३, दिवसभर त्यावर भांडण चाललं होतं चॅनलवर, पण आठ वाजून पाच मिनिटांनी आईंनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली, "अगं ये, माझं पाकीट उघडलं असेल बघ आता."