सराफ्याचा रिव्ह्यू, वजन उतरल्यानंतरच्या जिभेने

इंदूरच्या सराफ्याचे रिव्ह्यू नेटवर ढिगाने आहेत आणि सगळ्यांत तेच, जोशींचा दहीवडा हवेत उडतो, जलेबा म्हणजे ती मोठी जिलबी ताटाएवढी असते, सेल्फी काढायला मस्त. ते मी परत लिहीत नाही. माझं गेल्या वर्षभरात पंधराएक किलो वजन उतरलंय, इंजेक्शन नाही, ऑपरेशन नाही, नेहरू पार्कात चालणं, चहातली साखर बंद, रात्रीचं जेवण साडेसातला आणि बाहेरचं खाणं जवळजवळ शून्य. त्यानंतर सराफ्यात नीट पोटभर खायला गेले ती या थंडीत, पुण्याहून भाची आली होती म्हणून. जन्म इथल्याच रामबागेतला, त्यामुळे सराफा काही नवीन नाही, पण या वेळी जे आवडलं आणि जे नाही आवडलं ती यादी आधीच्यापेक्षा इतकी वेगळी निघाली की म्हटलं लिहूनच टाकावं, वजन कमी करून बसलेल्या अजून कोणाला तरी उपयोग होईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन, राजवाड्याच्या मागची ही गल्ली दिवसा सोन्याचांदीची बाजारपेठ असते, रात्री शटरं पडली की त्याच ओट्यांवर आणि समोर खाण्याची दुकानं लागतात आणि मध्यरात्र उलटली तरी चालतात. नऊच्या आधी जाण्यात अर्थ नाही.

सुरुवात दहीवड्याने केली कारण भाचीला उडणारा द्रोण बघायचा होता. तो उडवणं, परत झेलणं, मग एकाच चिमटीत मसाले धरून एकेक वेगळा सोडणं, सगळं बघितलं, व्हिडिओ झाला. पण खाताना मला पहिल्यांदा वड्यातल्या डाळीची चव लागली. एरवी दही आणि वरचा मसाला एवढंच लक्षात राहायचं, वडा म्हणजे नुसता चमच्यावर दही उचलायचं साधन. या वेळी दही जाड, थंड, आणि आत भिजलेली डाळ, तिचा तो किंचित मातकट वास. आख्खा संपवला. पास.

आता भुट्ट्याचा कीस, याच्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण माझ्या मते वजन उतरलेल्या माणसासाठी सराफ्यातला हाच खरा पदार्थ आहे. किसलेला मका, तुपात हिंग-मोहरीची फोडणी, हिरवी मिरची, मग दूध घालून आटवलेला, वरून खोबरं-कोथिंबीर, लिंबू आणि जिरावन, म्हणजे इंदूरचा भुरभुरवायचा कोरडा मसाला. कढईच्या कडेला जो थर लागतो ना, तांबूस, खरपूस, तो कालथ्याने खरवडून द्यायला सांगा, बहुतेक देतात. मी मागितला तर दुकानवाले भैया म्हणाले "दीदी असली माल तो वही है" आणि दोन खरवड्या जास्तच टाकल्या. पूर्वी हे मला फिक्कं वाटायचं, जलेब्याच्या आधी काहीतरी तिखट म्हणून खायचे. आता पहिल्याच घासाला मक्याचा गोडवा लागला, साखर एक कणही न घालता असलेला गोडवा, मग दुधाचा, मग मिरची मागून. मी द्रोण चाटून पुसून खाल्ला आणि भाची म्हणाली "आत्या, अगं तू तर डाएटवर आहेस ना?" डाएटवरच आहे म्हणूनच कळली चव. फक्त एक, देशी भुट्ट्याचा कीस बघून घ्या, अमेरिकन मक्याचा आधीच गोड असतो, त्याचा कीस खिरीसारखा लागतो मला आता.

गराडू. थंडी सोडून हा मिळत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात येऊन विचारू नका. कंद आहे, कोनफळाच्या जातकुळीतला म्हणा, चौकोनी तुकडे करून तळतात, गिऱ्हाईक आलं की परत एकदा तेलात टाकून कडक करतात, मग लिंबू आणि जिरावन भुरभुरवून काडीने खायचे. बाहेर कुरकुरीत आणि आत अगदी मऊ, पिठूळ. हे तळलेलं आहे आणि मी तरीही याला पूर्ण मार्क देतेय, कारण याला स्वतःची चव आहे. पण जिरावनचं सांगते, ते मला आता खारट लागलं. घरी आई आमटीत कमी मीठ घालायला लागली तेव्हा पहिले काही आठवडे सगळं जेवण आजाऱ्याचं वाटत होतं, नंतर कधी सवय झाली कळलंच नाही. मिठाचं असं होतं हे 1980 च्या दशकापासून अभ्यासात दिसलंय, मीठ कमी केलं की दोन-तीन महिन्यांनी कमी मिठाचंच बरं लागायला लागतं आणि जुन्या प्रमाणातलं खारट वाटतं. जिभेवरच्या चवीच्या पेशी तशा दहाएक दिवसांत बदलत राहतात म्हणतात, पण आवड काही दहा दिवसांत बदलत नाही, तिला वेळ लागतो. तर गराडूवाल्याला सांगा मसाला आधा, नींबू डबल. ते हसतात, पण देतात.

जलेबा. हं. इथे माझं आणि घरच्यांचं वाजलं. हा वजनावर मिळतो, एक जलेबा म्हणजे तीन-चार माणसांचं काम, आणि लहानपणी आम्ही भावंडं त्याच्या मधल्या जाड वेढ्यावरून भांडायचो. या वेळी पहिला तुकडा तोंडात टाकला, गरम, कडक, आतून पाक फुटला, अहाहा. दुसरा तुकडाही छान. तिसऱ्याला नुसती साखर. चव संपली म्हणजे संपलीच, मैद्याची नाही, तुपाची नाही, केशराची नाही, घशाशी फक्त गोड. लोकांना वाटतं वजन उतरलं की गोड आवडेनासं होतं, माझं तसं अजिबात झालेलं नाही, पहिले दोन तुकडे मी डोळे मिटून खाल्लेत. 2016 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास आला होता, त्यात लोकांनी तीन महिने साखर बरीच कमी केली तर त्यांना तेच पुडिंग जास्त गोड लागायला लागलं, पण ते आवडणं मात्र कमी झालं नाही. आणि मग हवं ते खायची सूट दिली तर साखरही परत चढली आणि जीभही पहिल्यासारखी झाली. हे वाचलं तेव्हा मला माझंच वर्णन वाटलं. म्हणजे जीभ सुधारली वगैरे काही नाही, ती फक्त सध्या साखरेपासून लांब आहे, चार आठवडे सणासुदीचे गेले की परत जैसे थे. म्हणून जलेब्याला माझा सल्ला एवढाच की तिघाचौघांत एक घ्या आणि तो गरम असताना संपवा, गार जलेबा आता मला फुकट दिला तरी नको.

शिकंजीचंही तसंच. बाहेरच्यांना सांगते, इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, आटवलेलं घट्ट दूध, मठ्ठा, वेलची-जायफळ, वर सुकामेवा, ग्लासात चमचा उभा राहील अशी. पूर्वी आख्खा ग्लास घेऊन वर मालपुवा खायचे मी. आता अर्धा ग्लास झाला आणि पोटात दगड ठेवल्यासारखं, नवऱ्याकडे सरकवला. चव उत्तम आहे, तक्रार नाही, पण हे आता माझ्यासाठी जेवण आहे, जेवणानंतरचं पेय नाही. ज्यांना जायफळ आवडतं त्यांनी दोघांत एक घ्यावी.

साबुदाणा खिचडीवर मराठी माणसांत भांडण व्हायचंच. आपली खिचडी तुपात परतलेली, दाण्याचं कूट, जिरं, बटाटा. इथली वाफवलेली, मोकळी पांढरी, गिऱ्हाईक आलं की एका पातेल्यात घेऊन त्यात फराळी चिवडा, मसाला, मिरची, कोथिंबीर, लिंबू टाकून हलवून देतात, तेल-तूप नावाला. मी इतकी वर्षं घरच्या खिचडीच्या पक्षात होते. आता, आई वाचणार नाही या भरवशावर लिहिते, इंदुरी खिचडी जास्त आवडते. हलकी लागते, लिंबू पुढे येतं, वरचा चिवडा कुरकुरतो. साबुदाणा शेवटी साबुदाणाच, पिठूळच, वजन कमी करायला कोणी खाऊ नये, पण चवीच्या हिशोबाने पास.

एका ठिकाणी मात्र सपशेल बिनसलं, नाव देत नाही. कचोरी घेतली, पहिला घास तोंडाजवळ नेला आणि तेलाचा वास आला, दिवसभर उकळलेल्या तेलाचा. भाची आणि नवरा दोघंही म्हणाले ठीक आहे की. मला जमलंच नाही, ठेवून दिली. आता हे मी घरी कमी तेलाचं खाते म्हणून नाकाला कळलं की तेल खरंच वाईट होतं, मला सांगता येणार नाही, पण घरच्या दोघांना दुसऱ्या दिवशी छातीत जळजळ झाली तेवढं लिहून ठेवते. एक टिप, जिथे कढई मोठी आणि गर्दी जास्त तिथे खा, माल फिरत राहतो. खोपरा पॅटिस खाल्लं ते अशाच एका गर्दीच्या ठिकाणी, बटाट्याच्या पातळ कवचात ओल्या खोबऱ्याचं सारण, गरमागरम, चटणी बाजूला मागितली, आणि ते फार छान होतं.

पाणीपुरीपाशी सावध राहा, विशेषतः वजन राखायचं असेल तर. पुदिना, हिंग, लसूण, जिरं, चिंच, अशी एकापाठोपाठ वेगवेगळी पाणी देतात, आणि गंमत अशी की प्रत्येक नव्या चवीला जागा होते. एकच चव खात राहिलं की माणूस लवकर थांबतो, चव बदलत राहिली की थांबत नाही, हे तर माहितीच आहे सगळ्यांना, लग्नाच्या बुफेत काय होतं? जलेब्याला तिसऱ्या तुकड्यावर थांबणारी मी इथे मोजायचं सोडून देऊन खात होते. आंबट-तिखटाची ओढ माझी वजन उतरल्यावर वाढलीच आहे, कमी नाही झालेली. दुपारी चार वाजता पूर्वी बिस्किट आणि चहा लागायचा, आता कच्चा पेरू आणि त्यावर जिरावन, नाही मिळालं तर चिडचिड होते. नवरा म्हणतो डोहाळे लागलेत.

आणि भुकेबद्दल कोणी खोटं बोलू नये. वजन उतरलं की भूक आवरते असं ते फोटो टाकणारे सांगतात, माझी भूक आधीपेक्षा जास्त आहे. 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी पन्नास लोकांवर केलेलं काम प्रसिद्ध आहे, दहा आठवडे कडक डाएट करून वजन उतरवलं आणि वर्षानंतर बघितलं तरी भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढलेलंच होतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमीच. शरीर गेलेलं वजन परत मागत बसतं. म्हणून सराफ्यात उपाशीपोटी जाणं हा माझ्या हिशोबाने वेडेपणा आहे. आम्ही घरून साडेसातला वरण-भात आणि काकडीची कोशिंबीर खाऊन निघालो, तरीही त्या गल्लीत शिरल्या शिरल्या तुपाचा वास आला आणि मला कडकडून भूक लागली. पोट भरलेलं, तरी भूक. मग कळलं की यातली अर्धी भूक रात्री दहाची आणि त्या वासाची आहे, कारण गल्लीतून बाहेर राजवाड्यासमोर येऊन पाच मिनिटं उभे राहिलो तर ती गेली. दोन स्टॉलच्या मधे हा फेरा मारून बघा, ज्याची इच्छा तरीही राहते तेच खा. आमचा मालपुवा असाच वाचला, रबडीपण, मावाबाटीपण. गराडूसाठी मात्र परत गेलो.

छप्पन दुकान या इंदूरच्याच दुसऱ्या खाऊगल्लीशी तुलना विचारतात लोक म्हणून, तिथे बसायला जागा आहे, दिवसा जाता येतं, सगळं नीटनेटकं, म्हाताऱ्या माणसांना घेऊन तिकडेच जावं. 2017 पासून स्वच्छतेत पुढे राहिलेलं शहर आहे, तसा सराफाही गर्दीच्या मानाने साफ असतो, डस्टबिन जागोजागी, द्रोण रस्त्यावर टाकलात तर दुकानवालाच ओरडतो. पण कीस आणि गराडू खायचा तर सराफ्यातच. मोमो-नूडल्सच्या गाड्या दिसल्या तरी त्यांच्यावर वेळ घालवू नका, ते तुमच्या गावातही मिळतं.

तिघांचं खाऊन चारशेच्या आसपास खर्च आला, पूर्वी एवढ्यात एकटीचंही भागायचं नाही अशी माझी ख्याती होती. शनिवारी-रविवारी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते आणि गर्दीत ढकलले गेलं की माणूस समोर येईल ते घेतो. गाडी लांब लावून चालत या. यूपीआय सगळीकडे चालतं, पण गराडूवाल्याकडे नेटवर्क जातं, शंभर-दोनशे सुटे खिशात ठेवा.