सिचुआन की कॅन्टोनीज?

परदेशात चिनी माणसाच्या हॉटेलात गेलात तर मंच्युरियन शोधू नका. ते मुंबईचं, १९७५ साली क्रिकेट क्लबात नेल्सन वांग यांनी ते पहिल्यांदा केलं असं सांगतात. तिथे ठरवायचं असतं ते वेगळंच: चीनच्या सिचुआन प्रांताचं झणझणीत जेवण, की दक्षिणेकडचं सौम्य कॅन्टोनीज.

'शेजवान' म्हणजे सिचुआनच, पण आपल्या लसूण-मिरचीच्या लाल चटणीचा तिथे काही संबंध नाही. तिथे मिरचीच्या जोडीला असतं ह्वाजाओ, म्हणजे आपल्या तिरफळाचं चुलत भावंड. बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ चुकून दाताखाली आलं की जीभ मुंग्या आल्यासारखी होते ना, तसंच. फक्त इथे घासागणिक. म्हणून सोबत फ्राइड राइस नको, साधा पांढरा भात घ्या.

घोळ होतो तो नावांचा. 'फिश फ्रॅग्रंट एगप्लांट'मध्ये मासा नसतो. आलं, लसूण, आंबवलेली मिरची आणि आंबटगोड रसात माखलेली वांगी. उलट 'ड्राय फ्राइड ग्रीन बीन्स' म्हणजे फरसबीच की, म्हणून मी आईसाठी बेधडक मागवली. सुरकुतलेल्या शेंगांना डुकराच्या खिम्याचे बारीक कण चिकटलेले! आई त्या रात्री भात आणि चहावर राहिली. मापो टोफूत, म्हणजे तिखट रश्शातल्या सोयाच्या पनीरातही खिमा असतो. मागवतानाच 'खिमा नको' सांगायचं, आणि वांग्यांच्या बाबतीतही विचारून घ्यायचं. एवढं केलंत तर शाकाहारी माणूस इथे पोटभर जेवतो.

कॅन्टोनीजमध्ये त्याचे हालच. साध्या हिरव्या पालेभाजीवरही ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा अर्क, ओतून आणतात. डिमसममध्ये, म्हणजे मोदकासारख्या वाफवलेल्या छोट्या खाण्यांत, बहुतेक कोळंबी नाहीतर डुक्कर. पण मासेखाऊ मंडळी असतील तर मी डोळे मिटून इथेच नेईन. अख्खा मासा वाफवतात, वर आल्याचे नि कांद्याच्या पातीचे बारीक काप, त्यावर कडकडीत तेल आणि सोया सॉस. मसाला नसल्यामुळे शिळा मासा लपत नाही, तेव्हा काचेच्या टाकीत जिवंत मासे दिसले तरच मागवा. तिखट न सोसणारी पोरं आणि म्हातारी माणसंही इथे खूश असतात. डिमसमला मात्र सकाळी किंवा दुपारी जा. जुन्या वळणाच्या ठिकाणी रात्री मिळत नाही.

दोन्हीकडे चौघांत तीन-चार पदार्थ मधोमध ठेवून वाटून खायचे. प्रत्येकाने आपली वेगळी प्लेट मागवली की चौघांपुढे चार ताटं तेलकट तिखट, नाहीतर चारही अळणी.