साडेतीनशेच्या हूडने लेन्स वाचवली

रामकुंडावर पहाटेचे फोटो काढताना पट्टा खांद्यावरून निसटला आणि कॅमेरा थेट दगडी पायरीवर, तोही लेन्सच्या तोंडावर. काळजात धस्स झालं. उचलून पाहिलं, तर हूडच्या, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवतात त्या पुढे आलेल्या कड्याच्या, कडेचा टवका उडालेला. काचेवर मात्र ओरखडाही नाही. फोकसची रिंगही पूर्वीसारखीच फिरत होती.

एमजी रोडवरून साडेतीनशेला घेतलेला हा साधा प्लास्टिकचा हूड. त्याआधी मी नुसत्या यूव्ही फिल्टरवर, म्हणजे लेन्सपुढे आट्यांत बसवायच्या पातळ सपाट काचेवर, विसंबून होतो. मागच्या वर्षी लेन्स पडली तेव्हा फिल्टरची पातळ काच फुटून तिचे कण पुढच्या काचेवर घासले. फिल्टरची वाकलेली कडी लेन्सच्या आट्यांत अशी रुतली की दुरुस्तीवाल्याला ती कापूनच काढावी लागली. हूड काचेच्या दोन बोटं पुढे असतो, त्यामुळे पहिला दणका तोच खातो. धूळ-शिंतोड्यांसाठी फिल्टर मी अजूनही लावतो, पण पडण्यापासून वाचायचं तर हूडच.

घेताना फिरवून बघा, खट्कन बसला पाहिजे. सैल असेल तर नकोच. आणि बॅगेत उलटा लावलेला हूड फोटो काढताना सुलटा करा, उलटा असला तर पुढची काच उघडीच राहते. टवका उडाला त्याच दिवशी मी दुसरा हूड आणला.