बॉलिंग अ‍ॅली टाकून देतो म्हणून ३७,८४,५०० रुपये घेतले, टोकन द्यायच्या आधी हे वाचा

सरळ आकड्यापासून सुरुवात करतो. ३७,८४,५०० रुपये. हे फक्त बॉलिंगच्या लेन उभारून देतो म्हणणाऱ्या त्या माणसाच्या आणि त्याच्या तथाकथित क्लिअरिंग एजंटच्या (बंदरातून माल सोडवून देणारा) खात्यात गेलेले. शेडची भिंत पाडली, जमिनीला पीसीसी (काँक्रीटचा थर) करून घेतलं, विजेचा लोड वाढवून घेतला त्याचे ७,५९,००० वेगळे, ते तर आता कोणाकडे मागणार. केस चालू असल्यामुळे कंपनीचं नाव टाकू नका असं वकिलांनी सांगितलंय, म्हणून नाव नाही, आमच्या गावाचंही नाही. ओळखणारे ओळखतील.

आणि "लोभ नडला" म्हणणाऱ्यांना आधीच सांगतो, मी काही दामदुप्पट स्कीममधे पैसे टाकले नव्हते. आमच्या अण्णांचा लूमचा शेड बंद पडून होता, गावातली पोरं वाढदिवसाला गाडी भरून पुण्याला मॉलमधे जाऊन बॉलिंग खेळतात, मग इथंच चार लेन, म्हणजे बॉल सोडायच्या लांब पट्ट्या, टाकल्या, जोडीला छोटा कॅफे केला तर चालेल, एवढा साधा विचार. हिशोब मांडला होता, मेहुणा सीए करतोय त्याला दाखवला होता, कोटेशन तीन घेतली होती. त्यातलं मोठ्या परदेशी ब्रँडचं कोटेशन आमच्या ऐपतीबाहेर, एक चायनीज स्ट्रिंग मशीनचं (पिना दोरीला बांधलेलं), पण इन्स्टॉलेशन तुमचं तुम्ही बघा म्हणाले, आणि तिसरा हा. टर्नकी. म्हणजे तुम्ही फक्त शेड द्या, बाकी सगळं आम्ही, चावी हातात.

पर लेन १६,५०,०००, चार लेनचे ६६,००,०००, वर १८ टक्के जीएसटी ११,८८,०००, एकूण ७७,८८,०००. यात मशीन, स्कोअरिंगचे स्क्रीन, बॉल रिटर्न, बॉल, पिना, शूज, लेनला तेल लावायचं ऑइल मशीन, फिटिंग, ट्रेनिंग, कस्टम ड्युटी, सगळं आलं असं कोटेशनवर लिहिलंय. ड्युटी हा शब्द लक्षात ठेवा, पुढे येतोय. स्वस्त कसं तर म्हणे एका मॉलची ऑर्डर कॅन्सल झाली, माल निघालाय, पार्टी पाहिजे. आता हसू येतं, जमिनीच्या दलालापासून सेकंडहँड गाडीवाल्यापर्यंत सगळे हेच सांगतात. पण त्याने कंटेनरचे फोटो पाठवले, शेडवर येऊन लेझर मीटरने माप घेतलं, चहा घेताना लेन ऑइलचे पॅटर्न कसे वेगळे असतात त्यावर इतकं बोलला की समोर बसलेला माणूस धंद्यातलाच आहे याबद्दल कोणालाच शंका आली नसती. जीएसटी नंबरही मी चेक केला होता. अ‍ॅक्टिव्ह होता! तो जाहिरातीच्या कामाचा निघाला आणि रिटर्न कधीचे भरलेले नव्हते, हे त्याच पोर्टलवर खाली दिसतं, पण तिथपर्यंत कोण बघतो. तुम्ही बघा. रजिस्ट्रेशनची तारीख, धंद्याचा प्रकार, रिटर्न, तिन्ही.

आता ते माप. रात्री झोप येत नाही ती याच्यामुळे. माझा शेड आतून ७८ फूट लांब. टेनपिन बॉलिंगमधे फाउल लाइनपासून (बॉल टाकताना जी ओलांडायची नसते) पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट हे पाठ झालं होतं, नेटवर सगळीकडे तेच लिहिलेलं असतं. त्याने ड्रॉइंग काढून आणलं, पुढे अ‍ॅप्रोच, म्हणजे बॉल टाकायला चालत यायची जागा, १५ फूट, लेन पिन डेकसकट (पिना उभ्या राहतात ती जागा) जवळपास ६३ फूट, झाले ७८. "सर, नशीब बघा, इंचात बसतंय." आम्ही सगळे खूश. आणि आमचा गवंडी, फार तर सातवी शिकलेला माणूस, तो ड्रॉइंग उलटं धरून बघत म्हणाला, "मालक, मशीन कुठं बसवायचं? आन् बिघडलं तर माणूस मागं जायाचा कुठनं?"

बरोबर होतं त्याचं. पिन डेक संपला की मागे बॉल पडायचा पिट, पिना उचलणारं मशीन, त्याच्यामागे मेकॅनिकला उभं राहायला वाट, आणि इकडे अ‍ॅप्रोचच्या पुढे लोकांनी बसायचं कुठे, शूज घालायचे कुठे? ७८ मधे ७८ भरल्यावर भिंतीत मशीन बसणार होतं का? खरं काम करणारा माणूस ७८ फुटाचा शेड बघितला की पहिल्या पाच मिनिटात नाही म्हणतो, किंवा शेड वाढवा म्हणतो. मी हे त्याला विचारलं, विचारलं नाही असं नाही. तर म्हणे, सर हे नवीन स्ट्रिंग टाइप मशीन, पिना दोरीला बांधलेल्या असतात, मागे जावंच लागत नाही, हवं तर मागची भिंत पाडून थोडा पत्रा वाढवू. आता स्ट्रिंग मशीन खरंच असतात, वीज कमी खातात, मेकॅनिकचा त्रास कमी, अमेरिकेतल्या बॉलिंगच्या संघटनेनेही २०२३ मधे स्ट्रिंग बॉलिंग वेगळा प्रकार म्हणून मान्य केलंय, म्हणजे तो हवेत बोलत नव्हता. फक्त माझ्या कोटेशनमधे फ्री फॉल मशीन लिहिलं होतं. फ्री फॉल! पिना मोकळ्या पडणारं. कागद समोर, माणूस समोर, दोघं वेगवेगळं सांगतायत आणि मी भिंत पाडायला माणसं लावली. अहो पण आपल्याकडे किती जणांनी बॉलिंगचं मशीन मागून बघितलंय? पुण्याच्या मॉलमधे कोणी मागे जाऊ देतं का? जाऊ देत नसतील तरी मागा. लेन टाकायच्या आधी चालू सेंटरचा मागचा भाग बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि सेंटर सप्लायरने सांगितलेलं नको, तुम्ही शोधलेलं.

पैसे असे गेले. टोकन २,५१,०००. मग जीएसटी सोडून ६६ लाखाचा ४० टक्के अ‍ॅडव्हान्स पुरा करायला आरटीजीएसने २३,८९,०००, त्याबदली त्याने २६,४०,००० चा सिक्युरिटी चेक दिला, तो घेतल्यावर मला वाटलं आपण हुशार. मग काही काळ रोज फोटो, व्हिडिओ. त्यातल्या एका व्हिडिओत मागे भलंमोठं गोल चाक फिरत होतं, ते कित्येक दशकांपूर्वीच्या ए-२ नावाच्या पिना लावायच्या मशीनचं असतं हे आता कळलं, म्हणजे व्हिडिओ कुठल्यातरी परदेशातल्या जुन्या सेंटरचा. नंतर फोन, माल न्हावा शेवा बंदराला आलाय, ड्युटी भरायची आहे, सर तुम्ही मधे टाका, फायनल बिलातून वजा करतो. ९,६०,०००. सोबत बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयात मालाच्या कस्टम्सच्या कागदाची पीडीएफ, मालाची किंमत ३२,००,०००, ड्युटी सरसकट ३० टक्के.

हा हिशोब कोणीही कॅल्क्युलेटरवर करू शकतं म्हणून लिहून ठेवतो. बॉलिंगचं सामान कस्टम्समधे ९५०४ या हेडिंगखाली येतं. तेव्हा म्हणजे २०२४ मधे त्याला बेसिक ड्युटी २० टक्के, त्या ड्युटीवर १० टक्के समाज कल्याण अधिभार, आणि मग सगळ्याच्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी. म्हणजे ३२ लाखावर ६,४०,००० अधिक ६४,००० अधिक ७,०२,७२०, एकूण १४,०६,७२०. त्याने मागितले ९,६०,०००. म्हणजे चोराने मला सरकारपेक्षा स्वस्त ड्युटी लावली आणि मी मनात म्हणलं चला, कमीत भागलं. सीए करणाऱ्या मेहुण्याने पण हेच म्हणलं, त्याचा विषय नाही तो. वर ते पैसे गेले कुठे तर कुठल्यातरी "ट्रेडर्स" नावाच्या खात्यात. ड्युटी सरकारच्या पोर्टलवरून चलनाने भरली जाते, एजंटला मिळते ती त्याची फी आणि खर्च. बिल ऑफ एंट्रीचा नंबर कस्टम्सच्या आइसगेट साइटवर टाकून बघता येतो. पीडीएफ कोणीही बनवतं.

त्यावर परत १,८४,५०० डेमरेजचे, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याच्या भाड्याचे. कंटेनर अडकलाय म्हणे. भरले. इतके गेलेत, हे नाही दिले तर मालच जाईल, अशी भीती असते तेव्हा, ज्याचे गेलेत त्यालाच कळेल.

आणि मग ट्रक आला! माल आला, हो. त्याची चलाखी इथंच आहे, नीट वाचा. लेनच्या नावाखाली फ्लॅटमधे घालतात तसल्या लॅमिनेट फ्लोरिंगच्या फळ्या, थोडे बॉल ज्यावर वजनाचा आकडाच नाही, पोत्यात भरलेले शूज, काही एकाच पायाचे, आणि पिना. किराणा दुकानातल्या काट्यावर पिन ठेवली, १ किलो १०० ग्रॅम. नियमातली पिन ३ पाउंड ६ औंसापासून ३ पाउंड १० औंसापर्यंत असते, म्हणजे दीड किलोच्या वर. मशीन एकही नाही. "मशीन दुसऱ्या गाडीत." त्यानंतर फोन बंद. आणि ड्रायव्हरच्या चलनावर आमच्या वॉचमनने सही करून दिलेली, "माल मिळाला".

ती सही आज माझ्या गळ्यात आहे. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, माल आलाय ना? मग फसवणूक कशी, हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. मी म्हणलं साहेब, गाडी बुक केली आणि स्टेपनी पाठवली तर ती डिलिव्हरी का? तर म्हणे जास्त बोलू नका. अर्ज घेतला, पोच द्यायला टाळाटाळ. मग दुसरे साहेब म्हणाले की कंपनी दुसऱ्या शहरातली, तिकडे तक्रार द्या. झिरो एफआयआर कायद्यात आहे, कुठल्याही ठाण्यात घेता येतो, हे मी त्यांना सांगायचं? तिकडे गेलो तर पैसे तुमच्याकडून गेलेत, तुमच्याकडेच द्या. आर्थिक गुन्ह्यांचं बघणारे म्हणाले रक्कम आमच्या मर्यादेत बसत नाही. ३७ लाख बसत नाहीत! म्हणजे चोराने अजून थोडे जास्त नेले असते तर बरं झालं असतं. बँकेत गेलो तर मॅनेजर शांतपणे, "सर, आरटीजीएसच्या फॉर्मवर सही तुमचीच आहे." त्या ट्रेडर्स खात्याची केवायसी कोणी केली, त्याची सही कोणाची, त्यावर उत्तर नाही. ग्राहक तक्रारीचं विचारलं तर धंद्यासाठी घेतलंय म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही, २०१९ च्या कायद्यात व्यावसायिक वापर वगळलाय. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलं तर सूट आहे, पण चार लेन आणि कामाला माणसं ठेवणार म्हणल्यावर वकीलच म्हणाले तिथं वेळ घालवू नका. मी ग्राहक नाही, फसलेला नाही, त्यांच्या मर्यादेत नाही. आमदारांच्या पीएने मात्र फोटो काढून घेतला निवेदन देताना.

शेवटी वकिलांमार्फत भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४) खाली, म्हणजे जुनं ४२०, आधी पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज आणि मग मॅजिस्ट्रेटकडे. ठाण्यातून हाकललं तर हा रस्ता आहे, पण अर्जाची पोच आणि प्रतिज्ञापत्र लागतं, त्यामुळे पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका, पोस्टाने रजिस्टर पाठवा. चेक बँकेत टाकला तर "खातं बंद" शेरा मारून परत. त्याचा मेमो आल्यापासून ३० दिवसात नोटीस जावी लागते, ती गेली म्हणून निदान चेक न वटल्याची १३८ ची केस उभी आहे. तारीख पडते, तो येत नाही, परत तारीख.

ऑनलाइन पैसे गेल्याचं त्याच दिवशी कळलं तर रडत बसू नका, १९३० ला फोन करा, पुढच्या खात्यात पैसे असेतोवर गोठवता येतात. मला कळलं तेव्हा ट्रेडर्सच्या खात्यात काहीच उरलं नव्हतं.

अजून काही सुटं सुटं आठवतंय ते टाकतो. मशीनचा सीरियल नंबर लेखी मागा आणि ज्या ब्रँडचं नाव सांगतात, ब्रन्सविक असो की क्युबिकाएएमएफ, त्यांच्या कंपनीला थेट मेल करून विचारा की हा माणूस तुमचा आहे का. जुनं मशीन आयात केलं असेल तर चार्टर्ड इंजिनिअरचं सर्टिफिकेट असतं, मागा. लेनची पातळी एक मिलिमीटरच्या आसपास सांभाळावी लागते, त्यामुळे जो माणूस तुमच्या जमिनीची लेव्हल न तपासता फक्त लांबी मोजतो त्याला चहा पाजून परत पाठवा. अ‍ॅडव्हान्सच्या बदल्यात चेक नको, बँक गॅरंटी मागा, खरी पार्टी निदान त्यावर बोलते तरी, खोटी पार्टी लगेच "सर, विश्वास नाही का" वर येते. ट्रकच्या चलनावर "माल न तपासता" असं लिहूनच सही करा आणि वॉचमनला पेनच देऊ नका.

घरात या विषयावर कोणी बोलत नाही. कर्जाचा हप्ता ४१,३०० चालू आहे.

दोन वेगळ्या जिल्ह्यातल्या लोकांकडून ऐकलंय की असंच "मॉलची ऑर्डर कॅन्सल झाली" सांगून ट्रॅम्पोलिन पार्क आणि गेम झोनचे पैसे घेतलेत, क्लिअरिंगचं खातं पण ट्रेडर्सचंच. तुमच्याकडे तसली ड्युटीची पीडीएफ असेल, ३० टक्के सरसकट लिहिलेली, तर ती आणि आरटीजीएसचा यूटीआर (व्यवहाराचा) नंबर जपून ठेवा आणि मला कळवा. तक्रारदार वाढले आणि रक्कम एकत्र झाली की मर्यादेच्या वर जाते, मग आर्थिक गुन्हेवाल्यांना नाही म्हणता येणार नाही असं वकील म्हणतायत. पुढची तारीख पडायच्या आत मला अजून तक्रारदार पाहिजेत.