पाकीट की ताक?

अल्सरेटिव्ह कोलायटिसवरची मेसालामाईनची गोळी सुरू आहे, रक्त थांबलंय, वजन परत भरतंय, आणि डॉक्टर जाता जाता म्हणाले, "हवं तर प्रोबायोटिक घ्या, नाहीतर दही-ताक ठेवा." त्या 'हवं तर'पाशी तुम्ही अडकला असाल, तर पुढे वाचा. मी तिथे तीन वर्षं काढली. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची सूज आणि व्रण, काय असतो ते इथे फोडून सांगत बसत नाही. पहाटे चारला परसदारचा दिवा लावत ज्याने पावसाळा काढलाय त्याला तो पाठ असतो.

एवढं मात्र आधीच सांगून ठेवतो. प्रोबायोटिकचं, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या पावडरीचं पाकीट घ्या की ताक, गोळी चालूच राहते. बरं वाटतंय म्हणून मी एकदा गोळी बंद केली होती. त्याची परतफेड दोन महिने चालली.

मुळात जिवाणूंच्या नादी लागायचंच कशाला, असं मलाही वाटायचं. मग मुंबईच्या डॉक्टरांनी उंदरांची गोष्ट सांगितली. इंटरल्युकिन-१० हे सूज आवरणारं प्रथिन बनवणारं जनुक काढून टाकलेले उंदीर साध्या पिंजऱ्यात वाढवले की त्यांचं आतडं सुजतं. तेच उंदीर संपूर्ण निर्जंतुक जागेत वाढवले की सुजत नाही. माणसांतही १९९१ साली बेल्जियमच्या ल्यूव्हेनमधल्या डॉक्टरांना असंच काही दिसलं. क्रोन्स हा कोलायटिसच्या भावकीतला आतड्याचा आजार. त्याच्या काही रुग्णांत आजारी भाग कापून आतडं परत जोडल्यावर त्यांनी विष्ठेची वाट त्या जोडाच्या अलीकडेच पोटाबाहेर वळवली. वाट वळवलेली होती तोवर जोडापाशी आजार फिरकला नाही, वाट परत जोडल्यावर आला. म्हणजे आतड्यातून जे वाहतं, त्यात काहीतरी आहे. पण जठराच्या अल्सरला जसा हेलिकोबॅक्टर हा मुख्य चोर सापडला आणि तो शोधणाऱ्या मार्शल-वॉरन यांना २००५चं नोबेल मिळालं, तसा इथे अजून कोणी सापडलेला नाही. इथे भांडण सगळ्या वाडीचं आहे. काही जिवाणू माजतात, काही नाहीसे होतात आणि आपली प्रतिकारशक्ती सरसकट सगळ्यांवर लाठी चालवते. आधी सूज आली म्हणून वाडी बिघडली, की वाडी बिघडली म्हणून सूज आली, यावर अजून वाद आहे.

नाहीशा होणाऱ्यांत एक नाव वारंवार येतं: फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी. सूज आवरणारा जिवाणू. २००८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की क्रोन्सच्या रुग्णांत तो कमी असला तर शस्त्रक्रियेनंतर आजार लवकर उलटतो. मला वाटलं, सापडलं औषध! पण गंमत अशी की हा ना पाकिटात मिळतो, ना ताकात. त्याला हवेतला ऑक्सिजनच सोसत नाही. म्हणजे आपण दोघांची तुलना करतोय खरी, पण नवरदेव दोन्हीकडे नाही, आहेत ते वऱ्हाडी.

आता पाकीट. पुराव्याच्या बाबतीत ते पुढे आहे, त्यात वाद नाही. आठ जातींचं जे मिश्रण इटलीच्या क्लाउदिओ दे सिमोने यांनी बांधलं, त्याची आपल्याच देशात, लुधियानाच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने चाचणी झाली आणि २००९ साली ती छापून आली. सौम्य ते मध्यम कोलायटिसचे १४७ रुग्ण होते. बारा आठवड्यांनी खरं पाकीट घेणाऱ्यांपैकी सुमारे ४३ टक्के लोकांचा आजार शांत झाला, खोटं पाकीट घेणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्के लोकांचा. आकडा वाचून मी त्याच दिवशी ऑर्डर दिली. मात्रा नंतर वाचली. एका वेळी ३,६०० अब्ज जिवाणू, आणि तेही दिवसातून दोनदा. माझ्या पाकिटात ४५० अब्ज. हिशेब करा: दिवसाला सोळा पाकिटं! मी घेत होतो एक. महिन्याचा खर्च इथे लिहीत नाही, कारण आमची मंडळीही हे वाचतात.

शिवाय ही चाचणी आजार चालू असलेल्यांवर झाली होती, आणि माझा शांत होता. अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२० साली सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या आणि कोलायटिस-क्रोन्ससाठी प्रोबायोटिक फक्त चाचणीतच द्यावं, असा सल्ला दिला. मोठं आतडं काढून लहान आतड्याची पिशवी केलेल्यांना त्या पिशवीची सूज येते, तेवढ्यापुरतं आठ जातींचं मिश्रण त्यांनी बरं म्हटलं, तेही अडखळत. तुम्ही त्या पिशवीवाल्यांपैकी असाल तर इथेच थांबा आणि पाकिटाचं डॉक्टरांना विचारा. पुढचं माझं पुराण तुमच्यासाठी नाही.

(जर्मनीत आणखी एक जिवाणू आहे, ई-कोलायची निस्ले जात. पहिल्या महायुद्धात आल्फ्रेड निस्ले यांनी १९१७ साली तो एका सैनिकाच्या विष्ठेतून वेगळा काढला. आजूबाजूचे आमांशाने आडवे झाले आणि हा सैनिक धडधाकट राहिला, म्हणून. २००४ साली छापलेल्या ३२७ रुग्णांच्या चाचणीत, आजार शांत ठेवण्याच्या कामात तो वर्षभर मेसालामाईनच्या बरोबरीने टिकला. आमच्या बाजूला कुठल्या औषधाच्या दुकानात तो मला दिसला नाही, म्हणून तुलनेत घेतला नाही.)

ताकाच्या बाजूने असं काहीच नाही. ना जातींची नावं, ना आकडा, ना चाचणी. आमच्याकडचं विरजण सासूबाईंकडून आलं, त्यांच्याकडे कुठून आलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुराव्यावरच ठरवायचं तर ताक पहिल्याच फेरीत बाद.

तरी मी ताकावर का आलो? एका कटकटीमुळे. ती कटकट म्हणजे थंडी.

पाकिटं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. मी राहतो देवगड तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. पाकिटं मुंबईहून खाजगी बसने यायची, थर्मोकोलच्या डब्यात, वर बर्फाची पिशवी. बस पहाटे नांदगाव तिठ्यावर डबा टाकून पुढे जायची. तिथल्या टपरीवाल्याच्या बाकाखाली तो पडून राहायचा, आणि मी एस.टी.ने पोचेपर्यंत उन्हं वर आलेली असायची. उघडावं तर बर्फाच्या पिशवीत कोमट पाणी. पाठवणाऱ्यांना फोन केला की ठरलेलं उत्तर: "काही दिवस बाहेर राहिली तरी चालतं सर." चालत असेलही. पण त्यांची 'बाहेर' म्हणजे २५ अंशांची खोली. आमच्या मे महिन्यातल्या टपरीखालचं तापमान त्यांना कोणी सांगावं?

मग १६ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ आलं. कलमं आडवी झाली, खांब पडले, आमच्या वाडीत आठ दिवस लाईट नव्हती. फ्रीजमध्ये बावीस पाकिटं होती. पहिल्या दिवशी फ्रीजचं दार कोणाला उघडू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाकिटं ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या माठालगत ठेवली. तिसऱ्या दिवशी शेजारची काकी बघून म्हणाली, "दही लागाक लाईट खंय लागता?" आणि मी गप्प बसलो.

खरा त्रास हा की पावडर मेली की जिवंत आहे ते कळत नाही. रंग तोच, वास तोच, पाण्यात विरघळतेही तशीच. लाईट आल्यावर मी ती पाकिटं पुढे तीन आठवडे खाल्ली, आणि रोज वाटायचं की आपण खडूची भुकटी गिळतोय. शेवटी एक उद्योग केला. कोल्हापूरला गेलो होतो, तिथून एक ताजं पाकीट थर्मासात बर्फ घालून स्वतः आणलं. रात्री तीन वाट्यांत कोमट दूध घेतलं. एकीत घरचं विरजण, दुसरीत ताजं पाकीट, तिसरीत वादळातून वाचलेलं पाकीट. सकाळी विरजणाची वाटी नेहमीसारखी घट्ट, ताज्या पाकिटाची जरा पातळ पण लागलेली, आणि वादळातली वाटी म्हणजे नुसतं दूध. दुपारपर्यंत थोडं फाटल्यासारखं झालं, बस.

याला प्रयोग म्हणू नका. मिश्रणातल्या आठ जातींपैकी दह्यातल्या एकदोनच जाती दूध लावतात, बाकीच्यांचं काय झालं ते वाटी सांगत नाही. दूध कमीजास्त कोमट असेल. पण त्या सकाळी माझ्यापुरतं ठरलं. ताकाचं एक बरं आहे: मेलेलं असेल तर दही लागतच नाही. सकाळी झाकण काढलं की निकाल समोर. पाकिटातल्या ४५० अब्जांपैकी माझ्यापर्यंत किती पोचतात हे मला कधीच कळणार नव्हतं. शिवाय त्या ताज्या वाटीकडे बघताना हेही जाणवलं की त्या महागड्या पाकिटातलेही एकदोघे आमच्या विरजणाचे चुलतभाऊच आहेत.

ताकाच्या खोडीही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. आमच्याकडे म्हशी राहिल्या नाहीत, दूध पिशवीचं, ते कोल्हापुरातून घाट उतरून येतं. करूळ घाटात दरड आली की दूध नाही, दूध नाही की दही नाही. अशा वेळी जुनं विरजण चमचाभर वाचवून ठेवावं लागतं. मे महिन्यात सकाळी लागलेलं दही दुपारी इतकं आंबट होतं की घशाखाली उतरत नाही, आणि आंबट ताक मला तरी सोसत नाही. पावसाळ्यात विहिरीचं पाणी कच्चं घातलेलं ताक म्हणजे संकटाला आमंत्रण, म्हणून पाणी उकळून गार केलेलंच. आणि आजार पुन्हा उसळला की ताक बंद, पेज सुरू, गाडी धरून डॉक्टरांकडे. दुधाने पोट बिघडणाऱ्यांनाही ताक निदान थोडं सोसतं म्हणतात, पण ते ज्याचं त्याने चमच्या-चमच्याने बघावं.

आंबोळीचं विचारणारे भेटतात. पीठ आंबवलेलं असतं खरं, पण तव्यावर गेल्यावर त्यातलं जिवंत काही उरत नाही. चवीला खा. सोलकढीत तर आंबवण्याचा संबंधच नाही. आणि माडी सुचवणारे एक गृहस्थ आमच्या मासळी बाजारात आहेत, त्यांना मी हात जोडलेत.

स्टेरॉइड किंवा अझाथायोप्रिन चालू असेल तर पाकीट असो की घरचं दही, आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. प्रतिकारशक्ती दाबलेली असताना जिवंत जिवाणू पोटात घालणं हा वेगळा मामला आहे.

पाकीटच घ्यायचं ठरलं, तर शहरात राहणाऱ्याने जरूर घ्यावं. दुकानदाराच्या फ्रीजमधून तुमच्या फ्रीजमध्ये वीस मिनिटांत पोचत असेल तर माझी अर्धी तक्रार तिथेच मिटते. फक्त जाहिरातीतल्या नावावर जाऊ नका. पाकिटामागची जातींची यादी आणि आकडा वाचा. दुकानदार 'सारखंच आहे हो' म्हणत दुसरं हातात देईल, तर त्याच्या यादीत बहुतेक दोनच नावं असतील. नाव तेच ठेवून आतलं मिश्रण बदलल्याचंही परदेशात घडलेलं आहे.

माझं सध्या असं आहे: दुपारच्या जेवणानंतर दोन भांडी ताक, लोणी काढलेलं, चिमूटभर मीठ. शेवटची उसळी दोन वर्षांपूर्वीची. पुढची ताकाने लांबणीवर पडली की गोळी नेमाने घेतल्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. डॉक्टर गोळीला श्रेय देतात, मंडळी विरजणाला. मुंबईला भाच्याच्या लग्नाला चार दिवस राहायचं होतं तेव्हा विरजण कुठे नेणार, म्हणून पाकिटंच नेली, आणि ती तिथल्या फ्रीजमध्ये बरी राहिली. त्यातली दोन उरली होती. परत येताना थर्मासातून आणली, पण नांदगावला उतरेपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं होतं. घरी आल्यावर त्यातलं एक फोडून रात्री दुधात टाकलं.